ऐकणाऱ्यांची मोजदाद

तमाशाच्या फडात दौलतजादा तुम्ही पाहिला असेल. लावणी रंगात येते, पुढच्या रांगेतला एखादा रसिक नोट पुढे करतो आणि आपल्या आवडीची लावणी मागतो. नोट देणाऱ्याचे नाव भर बैठकीत पुकारले जाते आणि मग गाणे होते. आता मला सांगा, त्या गृहस्थाने पैसा कशासाठी दिला? गाण्यासाठी दिला हे खरेच. पण चार माणसांत आपले नाव पुकारले जावे, यासाठीही थोडा दिलाच की! संगीत नाटकात ‘वन्स मोअर’ची आरोळी ठोकणारा प्रेक्षकही याच जातीचा. गाणे पुन्हा ऐकायचे असतेच, शिवाय आपल्या सांगण्यावरून नाटक थांबले याचाही आनंद असतो.

कलेच्या चाहत्याला नुसते घेणारा समजू नये, तो आपला वाटा मागतो. ही गोष्ट रेडिओ आल्यावर फार मोठ्या प्रमाणावर दिसून आली. आणि त्याबरोबर एक अडचणही उभी राहिली. फडातली माणसे डोळ्यांसमोर असतात. रेडिओवर बोलणाऱ्याला समोर भिंत दिसते. ऐकणारे किती, कोण, त्यांना काय हवे, हे ओळखावे कसे?

पहिले साधन म्हणजे पत्र. १९५२ साली आकाशवाणीने चित्रपटगीतांना आपल्या कार्यक्रमांतून जवळजवळ हद्दपार केले. त्या वेळचे मंत्री बाळकृष्ण केसकर हे आपल्याकडचेच, शास्त्रीय संगीताचे मोठे कैवारी. परंतु श्रोत्यांनी काय केले? त्यांनी रेडिओचा काटा सिलोनकडे वळवला. त्याच वर्षी डिसेंबरात रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. निवेदक अमीन सयानी. आरंभी सात गाणी वाजवीत आणि लोकप्रियतेप्रमाणे त्यांचा क्रम लावून पाठवा, असे श्रोत्यांना सांगत. पत्रांचा असा पाऊस पडला की पुढे सारा कार्यक्रमच गाण्यांच्या पायऱ्यांवर उभा राहिला. इकडे १९५७ च्या ऑक्टोबरात आकाशवाणीने विविध भारती सुरू केली. म्हणजे वरून बंद केलेले दार श्रोत्यांनी पाच वर्षांत उघडायला लावले, असे म्हटले तरी चालेल.

मात्र पत्रे मोजली म्हणजे श्रोते मोजले, असे नव्हे. फर्माइशीचे कार्यक्रम ऐकणाऱ्याला झुमरी तलैया हे नाव सांगावे लागत नाही. अभ्रकाच्या खाणींसाठी ओळखले जाणारे हे गाव त्या काळी बिहारात होते, आता ते झारखंडात आहे. गाव काही फार मोठे नव्हे, पण तिथून फर्माइशी इतक्या येत की असे गाव खरोखर आहे की निवेदकांनी रचले आहे, अशी कित्येकांना शंका होती. तिथल्या हौशी मंडळींत अधिक पत्रे कोणाची, याची चढाओढ लागलेली असे. म्हणजे तोच दौलतजादा, फक्त नोटेच्या जागी पोस्टकार्ड! या पत्रांवरून काय कळते? पत्र लिहिणाऱ्याची हौस कळते. ज्याला लिहिता येत नाही, ज्याच्याजवळ कार्डापुरते पैसे नाहीत, किंवा जी बाई चुलीपुढे बसून कान देऊन ऐकते, त्यांच्याबद्दल काहीच कळत नाही. गीतमालेच्या मंडळींनाही हे उमगले होते. पत्रांवर सर्वस्वी विसंबू नये म्हणून तबकड्यांचा खप पाहात आणि गावोगावच्या श्रोता संघांचे मतही विचारीत.

आता दुसरी रीत सांगतो. ती आपल्या मुलखातली आहे, आणि तिचा विसर पडला आहे याचे मला वाईट वाटते.

१९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात आकाशवाणीने युनेस्कोच्या साह्याने पुणे केंद्रावर एक प्रयोग केला. कॅनडात १९४१ पासून शेतकरी गटागटाने रेडिओ ऐकत आणि मग चर्चा करीत. तो धागा धरून, तेव्हाच्या मुंबई राज्यातील पाच मराठी जिल्ह्यांत सुमारे दीडशे गावांत श्रोतृमंडळे उभारली. मंडळात साधारण वीस माणसे. आठवड्यातून दोनदा, संध्याकाळी अर्धा तास कार्यक्रम. असे एकूण वीस कार्यक्रम झाले. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करून तिथेच बोलणे सुरू. लिहिणाऱ्या सभासदाने बैठकीचा वृत्तांत आणि निघालेले प्रश्न पुण्यास धाडायचे, आणि त्यांची उत्तरे पुढे त्याच कार्यक्रमातून यायची. म्हणजे ज्याला अक्षर येत नाही त्याचाही प्रश्न केंद्रापर्यंत पोचायचा!

परिणाम मोजण्याचे काम मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केले. प्राध्यापक पॉल न्यूरथ हे त्याचे प्रमुख. त्यांनी पत्रे मोजत बसण्याऐवजी मंडळे असलेली गावे, रेडिओ असूनही मंडळ नसलेली गावे, आणि रेडिओच नसलेली गावे, अशी तिन्ही निवडली. सर्व ठिकाणी प्रयोगाच्या आधी माणसांना शेतीचे व आरोग्याचे प्रश्न विचारले, आणि नंतर पुन्हा विचारले. मंडळांच्या गावांत माहिती चांगलीच वाढलेली आढळली. जिथे नुसता रेडिओ होता, तिथे फारशी वाढ नव्हती. हे नीट ध्यानात घ्या, बरं का. पेटी तीच, आवाज तोच, फरक पडला तो ऐकल्यानंतरच्या बोलण्यामुळे. शिवाय काही मंडळे चर्चेवर थांबली नाहीत. कुठे विहीर खणायचे ठरले, कुठे जातिवंत वळू किंवा लेगहॉर्न कोंबड्या आणायचे, कुठे बालवाडीचे.

हौसेने फर्माइश धाडणारा श्रोता हलका आणि शेतीचा प्रश्न धाडणारा श्रेष्ठ, असे मी म्हणत नाही. माझ्या स्वतःच्या फर्माइशीत माझे नाव कधी आले नाही, याची रुखरुख मला अजून आहे! पण दोघांची मोजदाद एका मापाने होत नाही. २००४ पासून दूरदर्शन संचांवरील गाण्यांच्या स्पर्धांत प्रेक्षकांची मते मोबाइलच्या संदेशांनी घेऊ लागले. तिथेही एकेकाने किती संदेश धाडले, हे विचारावेच लागते. आज पडद्यावर लाखांचे आकडे दिसतात, तेव्हाही झुमरी तलैया आठवावी.

शिक्षक बंधुभगिनींना हा अभ्यास आपल्या गावात करता येईल. मला तो चुकून कळला. मी ज्या शाळेत होतो, तिथे शालेय प्रसारण संपल्यावर मुख्याध्यापकांनी विचारले, ‘‘कार्यक्रम कोणाला आवडला?’’ सगळे हात वर. मग विचारले, ‘‘त्यात सांगितले काय?’’ एकही हात नाही. तेव्हापासून मी ‘आवडले का’ हा प्रश्न पहिला विचारीत नाही. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी त्याच विषयावर चार प्रश्न विचारावेत, आठवड्याने तेच पुन्हा विचारावेत. अर्ध्या मुलांना नुसते ऐकवावे, अर्ध्यांना ऐकून आपसात बोलू द्यावे, आणि उत्तरे वेगवेगळी मांडावीत. गावात करावयाचे तर वहीत आणखी एक रकाना आखावा: ऐकायला कोण आले नाही, आणि का. पहिल्या संध्याकाळी तो रकाना कोराच राहील, कारण न आलेल्यांना विचारायला त्यांच्या दारी जावे लागते. सकाळी पाणवठ्यावर गेलात तर निम्मी नावे तिथेच मिळतील.