मानेवरील पाण्याची गांठ



एखाद्या घरांत बाळ जन्माला येतें आणि त्याच्या मानेच्या एका बाजूस लिंबाएवढी, क्वचित् नारळाएवढी मऊ सूज दिसते. हाताला ती पाण्यानें भरलेल्या पिशवीसारखी लागते. बाळ रडत नाहीं, दूधही पितें. परंतु वडील मंडळींची बैठक मात्र भरते. कोणी गंडमाळा म्हणतो, कोणी कर्करोगाची शंका घेतो, आणि अखेर साऱ्यांचे डोळे त्या बाळंतिणीकडे वळतात. ग्रहणांत हिनें कांहीं चिरलें असेल! मी डॉक्टर नव्हे, जन्मभर शाळेंत मुलें शिकविलीं. पण या गांठीविषयीं आज जें निश्चित कळलें आहे तें समजून घेतलें, तर त्या आईवरील आळ तरी उतरेल, म्हणून हा विषय घेतला आहे.

गुडघा खरचटला कीं रक्ताबरोबर पातळ, पिवळसर पाणी येतें, तें आपण सर्वांनीं पाहिलें आहे. बहुतांशीं तसलेंच पाणी रक्तवाहिन्यांतून शरीरभर सारखें झिरपत असतें. त्यास लसीका म्हणतात. तें गोळा करून पुन्हां रक्तांत नेऊन सोडण्यासाठीं बारीक नळ्यांचें एक जाळें असतें. गर्भाच्या सहाव्या-सातव्या आठवड्याच्या सुमारास मानेशीं त्या जाळ्याचा आरंभ होतो. फ्लॉरेन्स सेबिन या अमेरिकन विदुषीनें विसाव्या शतकाच्या प्रारंभीं डुकरांच्या गर्भांत रंग भरून दाखविलें कीं, या नळ्या शिरांपासूनच फुटतात. एखाद्या जागीं त्यांची जोडणी बिघडली कीं पाणी अडतें. आमच्या वाघोलीस दगडाच्या जुन्या खाणी आहेत. पावसाळ्यानंतर कोठें एकच मोठा डोह सांचतो, कोठें खडकांतले असंख्य लहान खळगे भरतात, आणि पाण्याला बाहेर वाट नसते. या गांठींचेही असेच दोन प्रकार आहेत : मोठ्या पिशव्यांची आणि मधाच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रांची. कित्येकदां दोन्ही एकत्र असतात. पुढील उपचार बव्हंशीं या भेदावरच ठरतो.

आतां दोष कोणाचा? २०१५ सालीं असें आढळलें कीं, अशा बहुतेक गांठींतील पेशींत पीआयके३सीए नांवाच्या जनुकांत बदल झालेला असतो. आणि तो आईकडून वा बापाकडून आलेला नसून गर्भ राहिल्यानंतर त्याच्याच एखाद्या पेशींत उपजलेला असतो. ग्रहण, डोहाळे, सासर, माहेर यांपैकीं कशाचाही त्याशीं संबंध नाहीं.

मात्र गर्भावस्थेंतील एक गोष्ट निराळी ओळखावी लागते. अकराव्या ते चौदाव्या आठवड्यांतील सोनोग्राफींत कधीं गर्भाच्या मानेमागें पाणी सांचलेलें दिसतें. त्यालाही तेंच जुनें इंग्रजी नांव देतात, त्यामुळें घोटाळा होतो. अशा गर्भांपैकीं सुमारें निम्म्यांत गुणसूत्रांचा दोष आढळतो, आणि उरलेल्यांपैकीं कांहींत हृदयाचा. म्हणून वारेची किंवा गर्भजलाची तपासणी सुचवितात. गुणसूत्रें व हृदय निर्दोष निघाल्यास पुष्कळदां तें पाणी जिरूनही जातें. उलट, दिवस भरत आल्यावर मानेच्या एका बाजूस दिसणारी गांठ ही बहुधा आपण ज्या गांठीविषयीं बोलत आहों तीच असते. १९८८ सालीं महाराष्ट्रानें गर्भलिंगचिकित्सेस आळा घालणारा कायदा देशांत प्रथम केला. त्यानें व पुढील केंद्रीय कायद्यानें बंदी घातली ती लिंग सांगण्यास, दोष शोधण्यास नव्हे. तेव्हां तपासणीस कचरण्याचें कारण नाहीं.

गांठ श्वासनलिकेवर दाबत असेल तर प्रसूति मोठ्या रुग्णालयांतच व्हावी. तेथें शस्त्रक्रियेनें बाळाचें डोकें व खांदे तेवढे बाहेर घेतात, नाळेचा पुरवठा चालूं असतांनाच श्वासनलिकेंत नळी बसवितात, आणि मग बाळ आईपासून वेगळें करितात. या मिनिटांसाठीं शल्यवैद्य, भूलतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ आधींच सज्ज असावे लागतात.

जन्मानंतर अंधाऱ्या खोलींत गांठीमागें विजेरी धरली तर मोठी पिशवी कंदिलासारखी उजळते. जुने डॉक्टर एवढ्यावरच निदान करीत. आज सोनोग्राफी व एमआरआय यांनीं ती किती खोल गेली आहे तें कळतें. सर्दी-पडशानंतर ती एकाएकीं फुगली, लाल वा निळी पडली, अथवा बाळ घरघरूं लागलें, तर सकाळची वाट न पाहतां रुग्णालय गांठावें. पोटीस, बिब्बा, चटके आणि घरगुती सुई यांपैकीं कांहींही करूं नये.

माझ्या वर्गांत एक मुलगा वैशाखांतही गळ्याला मफलर गुंडाळून बसे. लहानपणीं त्याची गांठ कापली होती, ती पुन्हां उगवली होती, आणि कापतांना चेहऱ्याचा मज्जातंतु दुखावल्यामुळें हंसतांना तोंड वांकडें होई. मुलें चिडवीत, मींही आरंभीं मफलर काढावयास लावला होता, तें आठवून आजही वाईट वाटतें. तेव्हां शस्त्रक्रियेवाचून दुसरा मार्ग बहुतेक नव्हताच.

१९८७ सालीं जपानांत क्योटोच्या ओगिता यांनीं निर्बल केलेल्या जंतूंपासून बनविलेलें औषध सुईनें पिशवींत सोडून तिच्या भिंती चिकटविल्या. आपल्याकडे याच कामास ब्लिओमायसिन पुष्कळ वापरतात. तेंही जपानी, हमाओ उमेझावा यांनीं मातींतील सूक्ष्मजीवांपासून मिळविलेलें. तें कर्करोगावरील औषध म्हणून प्रसिद्ध असल्यामुळें नांव ऐकतांच घरचे गर्भगळित होतात, पण त्यावरून बाळाला कर्करोग आहे असें मुळींच ठरत नाहीं. जास्त मात्रेनें तें फुप्फुसांस बाधतें, म्हणून हिशेबानें, आठवड्यांच्या अंतरानें देतात. सुईनंतर दोन-चार दिवस सूज वाढते, मग ओसरते. मोठ्या पिशव्यांस हा उपाय चांगला लागू पडतो. बारीक छिद्रांच्या गांठी हट्टी असतात. त्यांच्यासाठीं सिरोलिमस आहे. ईस्टर बेटावरून १९६४ सालीं आणलेल्या मातींतून कॅनडांतील सुरेंद्रनाथ सेहगल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तें काढलें. पूर्वीं मूत्रपिंडरोपणासाठीं वापरलेलें हें औषध गांठीची वाढ रोखतें. मात्र तें महिनोन् महिने द्यावें लागतें आणि वरचेवर रक्त तपासावें लागतें, कारण रोगप्रतिकाराची शक्ति त्यानें उणावते. लहान, न दुखणारी गांठ असेल तर नुसतें लक्ष ठेवणें हाही मान्य उपचारच आहे.

मुंबईस परळ येथें १९२९ पासून केवळ मुलांसाठीं असलेलें वाडिया रुग्णालय आहे. पुण्यांतही बालशल्यवैद्य आहेत. गांठ मोठ्या पिशव्यांची कीं बारीक छिद्रांची, हा पहिला प्रश्न त्यांना विचारावा, आणि विचारतांना बाळाच्या आईला बाहेर बसवूं नये.