सातवं पाऊल पडेपर्यंत थांबा

शेवटचं ‘सावधान’ झालं, अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या की निम्मं कार्यालय जेवणाच्या हॉलकडे वळतं. लग्न लागलं, असं आपण म्हणतो. मुहूर्त साधला हे खरंच. पण सगळ्यांत वजनदार विधी अजून व्हायचा असतो. तो होतो तेव्हा समोर उरतात ते गुरुजी, आईवडील, करवली आणि फोटोग्राफर.

आधी लाजाहोम. वधूचा भाऊ तिच्या ओंजळीत लाह्या घालतो, त्या होमात पडतात. मग तो नवरदेवाचा कान पिळतो आणि मानाचा आहेर वसूल करतो. हसू ओसरतं आणि सप्तपदी सुरू होते. होमाजवळ तांदळाच्या सात लहान राशी मांडलेल्या असतात, अनेक घरी त्यांवर सुपारीही असते. वराने हात धरलेला, शेल्याची गाठ सांभाळत वधू एकेका राशीवर उजवं पाऊल टेकवत पुढे सरकते. पहिलं पाऊल अन्नासाठी, दुसरं बळासाठी, तिसरं धनासाठी, चौथं सुखासाठी, पाचवं संततीसाठी, सहावं ऋतूंसाठी. सातव्या पावलाला वर तिच्याकडे सख्य मागतो. धनधान्य, मुलंबाळं सगळं मागून झाल्यावर मैत्री मागणारा हा विधी मला आपल्या लग्नातला सर्वांत सुंदर भाग वाटतो.

कायद्यानेही त्याला मान दिला आहे. १९५५च्या हिंदू विवाह कायद्याचं सातवं कलम सांगतं की, विवाह दोघांपैकी कोणत्याही एका पक्षाच्या रूढ विधींनी करता येतो. त्या विधींत सप्तपदी असेल, तर अग्नीसमोर सातवं पाऊल पडलं की विवाह पूर्ण आणि बंधनकारक होतो. म्हणजे सप्तपदी सर्वांनाच सक्तीची नाही. महात्मा फुल्यांनी १८७३मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला, त्या परंपरेतली लग्नं पुरोहिताविना लागतात. बौद्ध पद्धतीच्या लग्नांतही होम नसतो. पण जिथे रूढीच सप्तपदीची आहे, तिथे ती उरकून टाकण्याची गोष्ट नव्हे.

याची झळ बाईला कशी बसते, ते महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात दिसलं. पहिली बायको हयात असताना नवऱ्याने दुसरं लग्न केलं. त्यात होम नव्हता, सप्तपदी नव्हती आणि त्यांच्याविना लग्न पूर्ण होतं अशी रूढीही सिद्ध झाली नाही. १९६५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते दुसरं लग्न कायद्याच्या दृष्टीने झालंच नाही असं ठरवलं आणि द्विभार्येच्या आरोपातून नवरा सुटला. पहिल्या बायकोच्या हाती काय लागलं? एप्रिल २०२४मध्ये त्याच न्यायालयाने आणखी स्पष्ट केलं: विधी झालेच नसतील तर हिंदू विवाह कायद्याखालचं नोंदणी प्रमाणपत्र एकट्याने लग्न सिद्ध करत नाही. विधी नकोच असतील त्यांच्यासाठी १९५४च्या विशेष विवाह कायद्याची वाट खुली आहे.

म्हणून लग्नघरांना एक विनंती. पंगत सप्तपदीनंतर बसवा. गुरुजींना प्रत्येक पावलाचा अर्थ मराठीत, माईकवर सांगायला लावा. सातव्या पावलाचा फोटो नक्की काढून घ्या. आणि पाहुण्यांनो, भूक लागली असली तरी अर्धा तास थांबा. या लग्नाचे साक्षीदार तुम्हीच आहात.