जुना जेट, नवं पेट्रोल

राजदूत ३५० ला सिलिंडर दोन आणि कार्ब्युरेटरही दोन. सगळी मजा त्यातच आहे आणि सगळी कटकटही. एकाच कार्ब्युरेटरची गाडी बिघडली की सरळ बंद पडते. मालक घाम पुसत ती ढकलत आणतो आणि काम सुरू होतं. दोन असले की एक आजारी पडला तरी दुसरा ओढत राहतो. गाडी थोडी थरथरते, एका सायलेन्सरचा आवाज फाटल्यासारखा येतो, पेट्रोल जरा जास्त पितेय असं वाटतं. ‘जुनी झाली, एवढं चालायचंच’ म्हणून मालक वर्षं काढतो.

ही गाडी मुळात यामाहाची आरडी ३५०. एस्कॉर्ट्सने ती १९८३ मध्ये राजदूत या नावाने भारतात आणली. ३४७ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन. जपानी गाडीची ताकद ३९ अश्वशक्तीच्या घरात होती. इथल्या रस्त्यांना आणि खिशांना जपून ती आधी ३०.५ आणि नंतर २७ वर आणली गेली. तरी खिसा वाचला नाहीच. त्या काळात ही गाडी घेणारा एकतर श्रीमंत असे किंवा बापाचा लाडका. दशक संपता संपता उत्पादन थांबलं. तेव्हा कुणी फुकट दिली तरी दोनदा विचार करावा अशी ही गाडी आज लाखांत जाते.

मी पाहिली ती कराडकडच्या एका ऊस बागायतदाराची. वडिलांनी घेतलेली, बरीच वर्षं शेडमध्ये उभी. पुण्यात नाना पेठेत दुचाकीच्या स्पेअर पार्टची दुकानं आहेत, त्यांच्या मागच्या बोळातल्या एका गॅरेजमध्ये ती टेम्पोतून उतरली. मालकाने सोबत दोन ‘कार्ब्युरेटर किट’ आणले होते. चकचकीत पाकिटं. आत पॅकिंग, ओरिंग, पितळी जेट, निडल, सगळं नवं कोरं. गॅरेजच्या मिस्त्रींनी पाकिटं हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि बाजूला ठेवली. “पॅकिंग वापरू. बाकीचं बघू.”

कार्ब्युरेटर उघडण्याची पहिली पायरी म्हणजे खालच्या वाटीचे चार स्क्रू, आणि निम्मे कार्ब्युरेटर तिथेच मरतात. या स्क्रूंच्या डोक्यावरची फुली जपानी मापाची असते. आपला नेहमीचा स्टार स्क्रू ड्रायव्हर तिच्यात पुरता बसत नाही, जोर लावला की वर उचकतो आणि फुली गोल करून टाकतो. या गाडीचे निम्मे स्क्रू आधीच्या कुणीतरी असेच चावून ठेवले होते. मिस्त्रींनी प्रत्येकाच्या डोक्यावर योग्य बिट टेकवून हातोडीचा एक हलका टोला दिला, मगच पिळलं. टोल्याने आतला गंज सुटतो.

वाटी निघाली आणि वास आला. सडलेल्या पेट्रोलचा वास एकदा घेतला की पुन्हा ओळखावा लागत नाही. आंबट, वार्निशसारखा, नाकात राहणारा. पेट्रोलमधला हलका भाग उडून गेला की मागे चिकट तांबूस थर उरतो आणि तोच बारीक भोकांमध्ये बसतो. वाटीच्या तळाशी पांढरी भुकटीही होती. तो धातूचा गंज, पाण्यामुळे आलेला.

फ्लोटची पिन काढताना गॅरेजमधला पोऱ्या पुढे सरसावला, तर मिस्त्रींनी त्याचा हात धरला. पिन दोन बारीक खांबांत अडकवलेली असते. हे खांब कार्ब्युरेटरच्या अंगातच ओतलेले असतात. एका बाजूने ती घट्ट, दुसऱ्या बाजूने सैल. चुकीच्या बाजूने ठोकली की खांब तुटतो, आणि खांब तुटला की अख्खा कार्ब्युरेटर भंगारात. मिस्त्रींनी खांबाला पक्कडीचा आधार दिला, बारीक पंच टेकवला आणि टकटक करत पिन सरकवली. एवढ्या वेळात दोघांपैकी कुणी बोललं नाही.

मग जेट. मेन जेट, पायलट जेट, निडल जेट. मिस्त्रींनी जुना मेन जेट रॉकेलमध्ये बुडवून पुसला, किटमधल्या नव्या जेटशेजारी ठेवला आणि मला भिंग दिलं. दोन्हींवर नंबर एकच. पण जुन्याचं भोक गोल, कडा स्वच्छ, आत जाताना नीट निमुळतं होत गेलेलं. नव्याच्या भोकाच्या कडेला पितळेचा एक बारीक काटा उभा होता. जेट म्हणजे फक्त भोक नव्हे. त्यातून मिनिटाला किती पेट्रोल वाहतं याचं ते माप आहे, आणि कडेवरचा तो काटा ते माप खोटं ठरवतो. वर छापलेला नंबर कुणीही छापू शकतो. “नवा म्हणजे चांगला असं नसतं, सर. जुना घासलेला नसला तर जुनाच.”

‘घासलेला’ हा शब्द महत्त्वाचा. जेट चोंदला की केबलची एक तार उपटून भोकात घालायची ही आपल्याकडची सर्रास पद्धत. तार पोलादाची, जेट पितळेचा. चोंदलेला जेट मोकळा होतो, गाडी सुरू होते, गिऱ्हाईक खूश होतं आणि भोक कायमचं मोठं झालेलं असतं. या गाडीतला उजवा पायलट जेट असाच कोरला गेला होता. तो बदलावाच लागला, पण किटमधल्याने नव्हे. मिस्त्रींच्या डब्यात जुन्या कार्ब्युरेटरमधून जपून काढलेले जेट होते, त्यातून एक निघाला. मला विचाराल तर जुन्या गाड्यांचा खरा धंदा अशा डब्यांवर चालतो, दुकानातल्या पाकिटांवर नाही.

खरा शोध मात्र स्लाइडमध्ये लागला. ॲक्सिलेटर पिळला की कार्ब्युरेटरच्या पोटातलं जे दंडगोल झाकण वर उचललं जातं, ती स्लाइड. हवेच्या बाजूची तिची खालची कड तिरकी कापलेली असते आणि कापाचं माप स्लाइडवरच ठोकलेलं असतं. डावीवर २.०, उजवीवर २.५. कधीतरी, कुणीतरी, उजवी स्लाइड बदलताना मिळेल ती घातली होती. काप जितका मोठा तितकी हवा जास्त, मिक्स्चर लीन. ॲक्सिलेटर पहिल्या पावापर्यंत पिळेस्तोवर या कापाचा अंमल असतो आणि शहरात आपण गाडी नेमकी तेवढ्यातच चालवतो. म्हणजे या गाडीचे दोन सिलिंडर कित्येक वर्षं दोन वेगवेगळी मिक्स्चर पीत होते. मालक सांगत होता की वडील नेहमी म्हणायचे, हिला खालच्या गिअरला झटके आहेत. तेव्हा क्लच बदलला, चेन बदलली, स्प्रॉकेट बदलले.

सगळं सुटं झाल्यावर दोन्ही अंगं अल्ट्रासॉनिकच्या टबात गेली. कोमट पाणी, थोडा साबण, आणि ऐकू न येणाऱ्या कंपनांनी उठणारे कोट्यवधी बुडबुडे. ब्रश पोचत नाही तिथला मळ ते सोडवतात. पाण्यात तपकिरी धूर निघाल्यासारखा दिसतो. त्यानंतर कॉम्प्रेसरची हवा प्रत्येक वाटेतून मारायची आणि ती दुसऱ्या टोकाला बाहेर येते का ते बोट लावून बघायचं. या टप्प्यावर सांगण्यासारखं फारसं काही नाही, फक्त धीर लागतो.

जुळणीत सगळ्यात नाजूक काम फ्लोटच्या पातळीचं. घरच्या पाण्याची टाकी भरली की तिच्यातला बॉल जसा नळ बंद करतो, तसाच हा फ्लोट पेट्रोल बंद करतो. पातळी वर राहिली तर मिक्स्चरमध्ये पेट्रोल जास्त होऊन गाडी रिच चालते, ओव्हरफ्लो होते. खाली राहिली तर वळणावर आणि चढावर उपाशी मरते. कार्ब्युरेटर उलटा धरून, फ्लोटची जीभ सुईवर नुसती टेकेल इतका कलता ठेवून व्हर्नियरने माप घ्यायचं आणि जीभ केसभर वाकवायची. पुन्हा माप. डावा-उजवा दोन्ही जुळेपर्यंत हेच.

गाडीवर चढवल्यावर दोघांची गाठ घालायची. मुठीकडून एक केबल येते आणि पुढे तिच्या तीन होतात: दोन कार्ब्युरेटरना आणि तिसरी ऑइल पंपाला. टू-स्ट्रोकचं तेल या गाडीत पेट्रोलमध्ये मिसळावं लागत नाही, पंप ते वेगळं पुरवतो आणि ॲक्सिलेटरच्या मानाने कमीजास्त करतो. मिस्त्रींनी एअर फिल्टरची नळी काढून दोन्ही तोंडांत दोन बोटं घातली आणि पोऱ्याला म्हणाले, “हळू पीळ.” दोन्ही स्लाइड बोटांवरून एकाच क्षणी उचलल्या पाहिजेत. एक आधी हलली की वरचा ॲडजस्टर किंचित फिरवायचा. बाजारात याला व्हॅक्यूम गेज मिळतात. मिस्त्रींकडेही एक भिंतीवर लटकलेला आहे. बोटांनी जुळलं की मग पंपाच्या चाकावरची खूण पिनेसमोर येते का ते पाहायचं. ही शेवटची पायरी विसरणाऱ्याचा पिस्टन चिकटतो.

अल्ट्रासॉनिकचा टब सोडला तर इथपर्यंतचं काम १९८३ सालीही असंच झालं असतं. पुढचं नाही. २०२५ मध्ये देशभर पेट्रोलमध्ये इथेनॉलचं प्रमाण २० टक्क्यांवर पोचलं. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो, त्यामुळे त्याला जळायला हवा कमी लागते. एक किलो पेट्रोलला सुमारे १४.७ किलो हवा, एक किलो इथेनॉलला ९. वीस टक्के मिसळलं की गरज १३.५ च्या आसपास येते. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीला सेन्सर असतो, ती सांभाळून घेते. कार्ब्युरेटरला यातलं काही कळत नाही. तो जुन्याच मापाने पेट्रोल सोडतो, म्हणजे मिक्स्चर आपोआप लीन होतं. लीन मिक्स्चरवर टू-स्ट्रोकचा पिस्टन तापतो, आणि तापला की सिलिंडरला धरतो. शिवाय इथेनॉल हवेतली ओल शोषतं, जुन्या जातीचं रबर फुगवतं. वाटीच्या तळाची पांढरी भुकटी काही अंशी त्याचीच करणी असणार. म्हणून मिस्त्रींनी ओरिंग किटमधले घातले नाहीत, इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे वेगळे आणवले. मेन जेटही नंबर वाढवून घातला.

हे ऐकून मालक हसायला लागला. “म्हंजे ऊस आमचाच, कारखान्यात शेअर आमचा, आन् त्याच्याच रसानं गाडी बी आमचीच बिघडायची!”

चाचणी सासवड रस्त्याला. इंजिन गरम झाल्यावर एअर स्क्रू लावला. या मिकुनी कार्ब्युरेटरमध्ये तो हवेचा स्क्रू आहे, आत घेतला की मिक्स्चर रिच होतं. नव्या गाड्यांवर शिकलेली पोरं हमखास उलटं फिरवतात. मग दिवे घाटाच्या अलीकडच्या सपाट पट्ट्यात तिसऱ्या गिअरला पूर्ण रेस, आणि तशीच क्लच दाबून चावी बंद. गाडी घरंगळत कडेला. गरम प्लग काढून दोन्ही शेजारी धरले. डावा चॉकलेटी, उजवा पांढरट. पांढरा म्हणजे लीन. जेट एकच, उजवी स्लाइड बदलून तीही आता डावीसारखीच, मग उजवा का? मिस्त्रींनी जेटला हात लावला नाही. इंजिन चालू करून उजव्या मॅनिफोल्डच्या रबरावर स्प्रे मारला आणि आवाज लगेच बदलला. रबराला तडा होता, डोळ्यांना न दिसणारा. गाडी तिथून चोरून हवा घेत होती. रबर बदलल्यावर दुसऱ्या फेरीत दोन्ही प्लग एका रंगाचे निघाले.

निघताना मालकाने एक विनंती केली. पुढच्या महिन्यात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं, परीक्षक सगळं ओरिजिनल बघतात. तेव्हा कंपनीच्याच नंबरचा मेन जेट परत घालता येईल का? मिस्त्रींनी काढलेले दोन्ही जुने जेट कागदात गुंडाळले, वर नंबर लिहिला आणि पुडी त्याच्या खिशात घातली. “दादा, परीक्षकाला हे दाखवा. वाटी उघडून कोण बघतंय? गाडीत जे आहे ते राहू द्या. आणि शेडमध्ये लावाल तेव्हा पेट्रोलचा कॉक बंद करून वाटीतलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू ठेवा, नाहीतर पुढच्या पावसाळ्यानंतर परत टेम्पो करून आणाल.”