सुताला मानवते ती हवा फितीला मारते

भिवंडीत हवा कोरडी झाली की यंत्रमागावरचं सूत तुटायला लागतं. दमटपणा विणकराच्या फायद्याचा. पण त्याच कापसापासून बनलेली मूकपटांची फीत दमट हवेत मरते. कापसातल्या सेल्युलोजवर नत्राम्ल आणि गंधकाम्लाची प्रक्रिया करून सेल्युलोज नायट्रेट मिळतं. त्यात कापूर मिसळला की लवचीक, पारदर्शक फीत तयार होते. ही फीत हळूहळू नायट्रोजनची ऑक्साइडं सोडते, त्यांचं ओलाव्याशी मिळून आम्ल होतं आणि ते आम्ल विघटनाचा वेग आणखी वाढवतं. चित्र फिकट होतं, फीत चिकट होते, शेवटी तपकिरी भुकटी उरते. फितीने पेट घेतला तर पाण्याचाही उपयोग नाही, कारण जळायला लागणारा ऑक्सिजन ती स्वतःच पुरवते. अशा पदार्थाची 'मूळ प्रत' कायम टिकेल ही आशाच फोल. चित्रपट जगतो तो नकलांमुळे.

याचा पुरावा आपल्याकडे आहे. भारतात सुमारे १,३०० मूकपट निघाले. त्यांतले जेमतेम तीसेक, तेही बरेचसे तुकड्यांत, उरले आहेत. बाबूराव पेंटर यांच्या 'सैरंध्री'तला (१९२०) कीचकवध इतका अंगावर येणारा होता की सेन्सॉरने तो कापायला लावला. आज तो अख्खा चित्रपटच नाही. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात लागलेल्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचा मोठा नायट्रेट साठा भस्मसात झाला. तरीही फाळक्यांचा 'कालिया मर्दन' (१९१९) आपण पाहू शकतो, कारण तो वेळीच दुसऱ्या फितीवर उतरवला गेला होता.

जर्मनीतला 'नोस्फेरातू' (१९२२) तर नष्ट करण्याचा न्यायालयाचा आदेशच होता. 'ड्रॅक्युला' कादंबरीचे हक्क न घेता तो काढला म्हणून तिचा लेखक ब्रॅम स्टोकर याच्या पत्नीने दावा लावला आणि १९२५मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला. परदेशी गेलेल्या प्रती मात्र वाचल्या. पुढच्या कृष्णधवल नकलांत पिशाच भरदिवसा शवपेटी घेऊन फिरताना दिसतं. रात्रीची दृश्यं दिवसा चित्रित करून फीत निळ्या रंगात बुडवलेली होती; नकलेत तो रंग गेला आणि रात्रही गेली. पॅरिसला जपलेल्या रंगीत प्रतीच्या आधारे २००६च्या पुनरुज्जीवित आवृत्तीत ती परत आली.

असं पुनरुज्जीवन म्हणजे आजच्या तंत्रज्ञांची कल्पनाशक्ती, असा एक आक्षेप घेतला जातो. तो निराधार नाही. 'डॉ. कॅलिगारी'च्या (१९२०) कॅमेरा निगेटिव्हचा पहिला अंक गहाळ आहे. २०१४च्या आवृत्तीत तो इतर प्रतींवरून भरला आहे. कोणती प्रत घ्यायची, रंग किती गडद ठेवायचा, हे निर्णय माणसंच घेतात. पण म्हणूनच घरोघरी जपलेल्या डिस्क आणि टेपच्या संग्रहांना मोल आहे. 'नोस्फेरातू'च्या निरनिराळ्या आवृत्त्या शेजारी ठेवून पाहिल्या की कोणी काय बदललं ते तपासता येतं. ऑनलाइन सेवा सहसा एकच आवृत्ती दाखवते आणि करार संपला की तीही काढून घेते.

दुसरा आक्षेप असा की डिस्क म्हणजे जतन नव्हे. हे खरंच आहे. डिस्कवरचं चित्र दाबून लहान केलेलं असतं, मूळ फितीतला तपशील त्यात पूर्ण येत नाही. संग्रहालयाच्या थंड, कोरड्या तिजोरीची जागा डिस्क घेऊ शकत नाही. शिवाय कोकणपट्टीच्या पावसाळ्यात व्हीएचएस टेपवर बुरशी धरते आणि घरी 'बर्न' केलेल्या डिस्कमधला रंगद्रव्याचा थर उष्णतेने व उजेडाने बिघडतो. कारखान्यात छापलेल्या डिस्कमध्ये माहिती खळग्यांच्या रूपात असल्याने ती अधिक टिकाऊ. तिजोरी आणि संग्राहकाचं कपाट एकमेकांना पूरक आहेत. एकीत मूळ राहतं, दुसऱ्यात त्याचा प्रसार.

तेव्हा भिवंडीत कोणाच्या कपाटात अशा डिस्क किंवा टेप असतील, तर त्या घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह, उभ्या आणि उन्हापासून दूर ठेवाव्यात. जुन्या घरात फितीचं रीळ सापडलं आणि ते नायट्रेटचं असल्याची शंका आली, तर ते आगीजवळ नेऊ नये, भंगारात देऊ नये. पुण्याच्या संग्रहालयाला कळवावं.