मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को: किलोमीटर किती, तास किती?

माजलगावहून बोलतोय. आजचा प्रश्न आपल्या घराघरातला आहे. पोरं कॅलिफोर्नियात नोकरीला, आता आई-वडील पहिल्यांदाच निघालेत, आणि ते एवढंच विचारतात, "विमानात किती तास बसायचं?" आपण मोबाइलवर शोधून एक आकडा सांगतो. तो कशाचा आकडा आहे, ते आज बघू.

मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को अंतर सुमारे १३,५०० किलोमीटर दिसतं. ते दोन्ही विमानतळांच्या अक्षांश-रेखांशांवरून गणित करून काढलेलं असतं. घरात पृथ्वीगोल असेल तर मुंबईवर दोरा धरा आणि सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत ताणा. दोरा युरोपाकडे जाणारच नाही, वर उत्तर ध्रुवाच्या जवळून जाईल. भिंतीवरच्या सपाट नकाशात हे कळत नाही.

आता ताशी ९०० किलोमीटर धरलं की १५ तास. पण विमान काही दोऱ्यावरून जात नाही. कुठल्या देशाचं आकाश बंद असतं (एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना बंद केलं, तसं), कुठे वारं आडवं येतं.

वाऱ्याचं तर भारीच आहे. साधारण १० किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पूर्वेकडून, पॅसिफिकवरून नेलं. रस्ता जवळपास १,४०० किलोमीटरने वाढला, १५,३०० झाला. तरी साडेचौदा तासांत पोचलं, म्हणजे आधीपेक्षा सुमारे दोन तास लवकर! वारं पाठीशी होतं ना. म्हणून नुसत्या किलोमीटरवरून तास सांगू नका.

दुसरा घोळ तिकिटाचा. समजा लिहिलंय, पहाटे ४ ला निघणार, त्याच दिवशी सकाळी ६:३० ला पोचणार. अडीच तास? एवढ्यात माजलगावची एसटी पुण्याला पोचत नाही! तिकिटावर निघायची वेळ इथली असते, पोचायची तिथली. कॅलिफोर्निया उन्हाळ्यात आपल्या साडेबारा तास मागे. अडीच अधिक साडेबारा, झाले १५. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडे घड्याळं एक तास मागे घेतात, मग मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत फरक साडेतेरा तासांचा. येताना उलटं: तिकिटावर एका दिवसापेक्षा जास्त वेळ दिसतो, त्यातून हा फरक वजा करायचा.

पण आई-वडिलांचा प्रवास काही मुंबईत सुरू होत नाही. इथून रात्रभराची ट्रॅव्हल्स, ८-१० तास. विमानतळावर ३-४. थेट विमान मिळालं तर १५-१७. उतरल्यावर इमिग्रेशन आणि बॅगा, एक-दोन तास. म्हणजे घरातून घरात साधारण ३० तास. मधे एक थांबा असला तर अजून ६-८ धरा.

घरी सांगताना हा ३० चा आकडा सांगा. विशेषतः साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर निघायच्या आधी डॉक्टरांकडे जा. त्यांना एकूण तास आणि दोन्हीकडच्या वेळेतला फरक सांगा, कुठला डोस कधी ते त्यांच्याकडून कागदावर लिहून घ्या. तो कागद आणि औषधं हातातल्या पिशवीत ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नको.