मनगटावरचे दोनशे बार

पाण्याखाली ब्लूटूथ चालत नाही. डाइव्ह कॉम्प्युटरचं घड्याळ घेणाऱ्या बऱ्याच जणांना हे पैसे मोजल्यानंतर कळतं, कारण ‘वायरलेस’ म्हटलं की डोळ्यांसमोर मोबाइल आणि इअरफोनच येतात. ब्लूटूथच्या लहरी २.४ गिगाहर्ट्झच्या, पाणी त्या काही सेंटीमीटरांतच गिळून टाकतं. घड्याळातलं ब्लूटूथ उपयोगी पडतं ते बोटीवर परतल्यावर, डाइव्हची नोंद फोनवर उतरवायला. सिलिंडरमधल्या हवेचा दाब पाण्याखाली मनगटापर्यंत पोहोचतो तो वेगळ्या वाटेने.

सिलिंडरच्या व्हॉल्व्हवर रेग्युलेटरचा जो धातूचा भाग बसतो, तो फर्स्ट स्टेज. त्याच्या हाय-प्रेशर पोर्टमध्ये छोटा ट्रान्समीटर आट्यांनी बसवलेला असतो. व्हॉल्व्ह उघडून दाब आला की तो जागा होतो आणि दर काही सेकंदांनी आकडा पाठवू लागतो. बऱ्याच मॉडेलांत हा संदेश सुमारे ३८ किलोहर्ट्झच्या संथ लहरींवर जातो आणि त्याचा पल्ला साधारण मीटरभराचा. गार्मिनच्या डिसेंट मालिकेतल्या टी-१ ट्रान्समीटरने मात्र सोनार, म्हणजे ध्वनिलहरी, वापरल्या. तो पल्ला १० मीटरपर्यंत जातो आणि सोबत्याच्या सिलिंडरचा दाबही आपल्या मनगटावर दिसू शकतो.

‘आता होजवालं प्रेशर गेज काढून टाकलं तरी चालेल’ हा गैरसमज इथूनच सुरू होतो. मीटरभराचा पल्ला दिसतो तितका निवांत नसतो. ट्रान्समीटर उजव्या खांद्यामागे आणि घड्याळ डाव्या हातात, तोही कॅमेरा धरून पुढे ताणलेला, असं झालं की आकड्यांच्या जागी रेघा येतात. कॅमेऱ्याचा स्ट्रोब किंवा पाण्याखालच्या स्कूटरची मोटरही संदेशात व्यत्यय आणते. पुष्कळदा आकडा काही क्षणांत परत येतो. पण ट्रान्समीटरची बॅटरी संपली असेल तर तो येणारच नाही, आणि १८ मीटरवर हवा किती उरली हे अंदाजाने ठरवण्याची पाळी कुणावरही येऊ नये. म्हणून ट्रान्समीटर आणि घड्याळ शरीराच्या एकाच बाजूला ठेवावं, आणि छोटं का होईना, साधं गेज सोबत असावं. त्याला बॅटरी लागत नाही.

सर्वांत जास्त विश्वास टाकला जातो तो ‘हवा उरली इतकी मिनिटं’ या आकड्यावर. तो मोजमाप नाही, अंदाज आहे. समजा, १२ लिटरचा सिलिंडर आहे आणि डायव्हर पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा घेतो. २० मीटरवर भोवतालचा दाब तिप्पट, म्हणून लागणारी हवाही तिप्पट, ६० लिटर. म्हणजे १२ लिटरच्या सिलिंडरमधला दाब मिनिटाला ५ बारने उतरतो. गेजवर १०० बार असतील आणि ५० राखून ठेवायचे असतील, तर हाती १० मिनिटं. आता मालवणच्या एखाद्या खडकाजवळ पाण्याला ओढ लागली, पाय जोरात मारावे लागले आणि श्वास दुप्पट झाला, तर त्या १० मिनिटांची ५ होतात.

घड्याळाला हे लगेच कळत नाही. शिअरवॉटर कंपनीच्या डाइव्ह कॉम्प्युटरची गणना गेल्या दोन मिनिटांच्या सरासरी श्वासावर चालते. खोली बदलली तर हिशेब चटकन बदलतो, दमछाक मात्र आकड्यात हळूहळू उतरते. शिवाय त्या मिनिटांत वर येण्यासाठी लागणारी हवा धरलेली असते, पण सेफ्टी स्टॉपची नाही. ५ मीटरवर तीन मिनिटं थांबायचं तर वरच्याच डायव्हरला सुमारे ९० लिटर, म्हणजे साडेसात बार, आणखी हवेत. हा हिशेब डाइव्हआधी डोक्यात केलेलाच बरा. कंपनीगणिक पद्धत बदलते, म्हणून आपल्या घड्याळाचं मॅन्युअल बोटीवर नव्हे, घरी वाचावं.

सिलिंडरमध्ये काय भरलं आहे हेही घड्याळ ओळखत नाही. ट्रान्समीटरला दाब कळतो, वायू नाही. ३२ टक्के ऑक्सिजनचा नायट्रॉक्स भरला आणि घड्याळात साधी हवा, म्हणजे २१ टक्केच, राहिली, तर धोका गंभीर आहे. ऑक्सिजनच्या आंशिक दाबाची १.४ बारची मर्यादा या मिश्रणात सुमारे ३३ मीटरवर गाठली जाते; घड्याळ मात्र हवेच्या हिशेबाने ५६ मीटरपर्यंत गप्प राहील. ऑक्सिजनच्या विषबाधेने पाण्याखाली झटका आला तर तोंडातून रेग्युलेटर सुटून माणूस बुडू शकतो. विश्लेषक यंत्राने मिश्रण मोजून टक्केवारी हाताने भरणं, याला पर्याय नाही. तसंच, बहुतेक डाइव्ह कॉम्प्युटर शरीरात मुरणाऱ्या नायट्रोजनचा हिशेब खोली, वेळ आणि भरलेल्या टक्केवारीवर करतात. सिलिंडरमध्ये भरपूर दाब दिसतो आहे म्हणून खाली थांबण्याची मुभा वाढत नाही.

एक बारीक गोष्ट नवख्यांना कुणी सहसा सांगत नाही. व्हॉल्व्ह अर्धवटच उघडला असेल तर बोटीवर हवा नीट येते, पण खाली श्वासागणिक जास्त हवा लागते आणि त्या अरुंद वाटेने ती पुरत नाही. सुईच्या गेजवर हे लगेच दिसतं: प्रत्येक श्वासाला सुई खाली डुलते आणि पुन्हा वर येते. काही सेकंदांच्या अंतराने येणाऱ्या आकड्यात ती डुलकी निसटून जाऊ शकते. पाण्यात उतरण्यापूर्वी गेजकडे पाहत चार श्वास घ्यायचे, ही जुनी सवय म्हणूनच मोडू नये. मनगटावर २०० बार दिसले म्हणून व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आहे असं होत नाही.

उन्हात तापलेल्या सिलिंडरचे २०० बार २८ अंशांच्या पाण्यात शिरल्यावर १९० च्या आसपास येतात, तेव्हा गळती झाली म्हणून घाबरणारेही असतात. हवा थंड झाली की दाब उतरतो, इतकंच ते असतं.

आणि ट्रान्समीटर म्हणजे मूठ नव्हे. तो नेमका हाताशी येईल असा बाहेर डोकावतो, आणि गडबडीत सिलिंडर उचलणारा हात तिथेच जातो. त्याने तो वाकतो किंवा तुटतो. उचलताना व्हॉल्व्ह धरा, हे बोटीवर मदत करणाऱ्या प्रत्येकाला डाइव्ह सुरू होण्यापूर्वीच सांगावं लागतं.