टायर मोठा, ओढ छोटी

टी.ओ.एम.च्या व्हायव्हाला "गिअर रेशो म्हणजे काय?" विचारलं की आपण सगळे धडाधड सांगतो. पण शेवटचा गिअर गाडीच्या डब्यात नसतोच, तो रस्त्यावर असतो. त्याचं नाव टायर! हे मला कळलं ते मामांच्या बोलेरोमुळे.

मामांचा जुन्नरकडे मांडव-डेकोरेशनचा धंदा. जुनी फोर बाय फोर बोलेरो, तिच्यामागे दोन चाकी ट्रॉलीवर जनरेटर. सगळं मिळून टनभर वजन. मामेभावाला मात्र रविवारी हीच गाडी डोंगरात, चिखलात घालायची हौस. त्याने मूळचे 215/75 आर 15 टायर काढले आणि 31 इंची, दणदणीत खाचांचे टायर बसवले. गाडी काय दिसायची म्हणून सांगू! पुढच्याच आठवड्यात मुरबाडच्या बाजूला लग्नाची ऑर्डर होती. माळशेज घाट उतरताना ब्रेकचा वास सुटला आणि परत चढताना क्लच जळला. नवरदेव वेळेवर पोचला, जनरेटरचं घरी येणं मात्र दुसऱ्या दिवसावर गेलं.

आता हिशोब करू. 215/75 म्हणजे रुंदी 215 मि.मी. आणि बाजूची उंची तिच्या 75 टक्के, म्हणजे 161 मि.मी. ती दोनदा घ्या, 15 इंची रिमचे 381 मिळवा. व्यास झाला साधारण 704 मि.मी. 31 इंच म्हणजे 787. वाढ जवळजवळ 12 टक्के.

ॲक्सलला मिळणारा टॉर्क तोच, त्रिज्या वाढली, म्हणजे जमिनीवरचं बळ कमी. समजा गिअरमधला तोटा जाऊन 180 न्यूटन-मीटर हाती येतात, तिसरा गिअर 1.4 आणि क्राऊन-पिनियन 4. चाकावर 1008 न्यूटन-मीटर. जुन्या टायरवर त्याचे होतात सुमारे 2860 न्यूटन, मोठ्यावर 2560. आता माणसांसकट गाडी 1700 किलो आणि ट्रॉली 1000 किलो धरा, चढ बाराला एक. वर चढायला 2200 आणि चाकांच्या घर्षणाला 400, एकूण 2600 न्यूटन हवेत. बघा गंमत! जी गाडी तिसऱ्यात चढत होती ती आता दुसऱ्यावरच आणावी लागणार. आणि वळणावर थांबून पुन्हा उचलायची वेळ आली की ड्रायव्हर अर्धा क्लच धरून रेटतो. बिचारी प्लेट तिथेच जाते.

"मग लो टाक की!" असं मामेभाऊ म्हणाला. चिखलात ठीक आहे. पण अशा गाडीत फोर व्हील जोडल्यावर पुढची-मागची चाकं एकत्र बांधली जातात. डांबरावर ती घसरू शकत नाहीत आणि वळताना सगळा ताण शाफ्ट आणि गिअरवर येतो.

चढ चढला नाही तर गाडी थांबते, एवढंच. उतार जास्त वाईट. इंजिनची रोखही त्याच 12 टक्क्यांच्या हिशोबाने घटते, म्हणजे उरलेलं काम ब्रेकवर. आणि ब्रेकचा टॉर्कही मोठ्या त्रिज्येने भागला जातो! वर काटा 60 दाखवतो तेव्हा गाडी 67 ने पळत असते. (मामेभाऊ ॲव्हरेज पडलं म्हणून रडत होता, त्यातला काही भाग खोटा. 112 किलोमीटर गेले तरी मीटर 100 च सांगणार.)

आणखी एक गोष्ट सहसा कुणी बघत नाही. गाडी 42 मि.मी. उचलली गेली, म्हणजे हूकही तेवढाच वर. ट्रॉली मागे कलते, वजन मागे सरकतं आणि हूकवरचा दाब कमी होतो. हा दाब ट्रॉलीच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास हवा. कमी झाला की वेगात ट्रॉली शेपटीसारखी डोलायला लागते. चिखलासाठी कमी केलेली हवा डांबरावर तशीच ठेवली तर विचारूच नका.

मोठ्या टायरचा फायदा खोटा नाही. नुसतं सस्पेन्शन उचलून बॉडी वर जाते, ॲक्सलचा गोळा तिथेच राहतो. तो दगडावरून वर न्यायचा तर टायरच मोठा हवा. ओढही टिकवायची असेल तर क्राऊन-पिनियन त्याच प्रमाणात बदलायचं, 4 चं साधारण 4.5. तेही पुढचं आणि मागचं दोन्ही, नाहीतर फोर व्हील टाकताच दोन ॲक्सल एकमेकांशी भांडणार. खर्च ऐकून मामा नुसते हसले. शिवाय गाडीत असे बदल करण्याआधी मोटार वाहन कायद्याचं कलम 52 वाचलेलं बरं.

शेवटी आम्ही 235/75 आर 15 घेतले. व्यास 734, वाढ 4 टक्के. वरच्याच हिशोबात बळ येतं 2750 न्यूटन, म्हणजे 2600 च्या वर. ॲक्सल फक्त 15 मि.मी. उचलला, हे मान्य. पण भार-अंक 100 चा 105 झाला, म्हणजे एका टायरची क्षमता 800 वरून 925 किलो. टायर घेताना खाचांआधी हा अंक बघा. हूकही वेल्डरकडून 15 मि.मी. खाली घेतला.

31 इंची टायर रिमसकट गोडाऊनमध्ये जुन्या कनातीखाली झाकून ठेवलेत. ट्रॉली सुटलेली असेल त्या रविवारीच ते बाहेर निघतात. क्लच प्लेटचे पैसे मामा अजून मामेभावाच्या पगारातून कापतायत!